मेळघाटात दोन रात्री: कमी पैशात, निवांत, वाघाचा हट्ट सोडून

जंगलात राहायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, वाघ दिसेल का? आणि बजेटचा बट्ट्याबोळ तिथूनच सुरू होतो. कारण वाघ दिसलाच पाहिजे म्हटलं की मग फेमस गेट आलं, त्या गेटजवळचं रिसॉर्ट आलं, त्यांचं जेवणासकट पॅकेज, जिप्सी, गाइड, मोठ्या कॅमेऱ्याचे वेगळे पैसे, आणि पहिल्या फेरीत नाही दिसला म्हणून दुसरी फेरी, तीही पहाटे साडेचारला उठून. सुट्टी संपते तेव्हा माणूस ऑफिसात असतो त्याहून जास्त दमलेला. माझं म्हणणं सरळ आहे, आराम पाहिजे असेल आणि खिसा सांभाळायचा असेल तर वाघ यादीतून काढा, मग जंगल एकदम स्वस्त होतं. आणि यासाठी मेळघाटासारखी जागा महाराष्ट्रात मला दुसरी माहीत नाही.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्याचा वरचा डोंगराळ भाग, सातपुड्याची गाविलगड रांग. 1973-74 मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला हा एक, महाराष्ट्रातला पहिला. वाघ आहेत, पण डोंगर, दऱ्या, दाट सागवान आणि बांबू यामुळे ते सहज दिसत नाहीत, आणि हाच आपला फायदा. वाघासाठी येणारी गर्दी ताडोबा नाहीतर पेंचला जाते, इकडे येतात ते एकतर पक्षीवाले, नाहीतर आपल्यासारखे, ज्यांना नदीकाठी खुर्ची टाकून बसायचंय आणि दोन दिवस कुणी फोन करू नये असं वाटतंय. फोन तसाही लागत नाही म्हणा, ते पुढे सांगते.

कधी जायचं? आधी पावसाळ्याचं. जुलै ते सप्टेंबर कोअरमधली (म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागातली) सफारी बंद असते, आणि चिखलदरा या इथल्या थंड हवेच्या ठिकाणी धुकं आणि धबधबे बघायला शनिवार-रविवारी इतकी गाडी चढते की घाटात तासन्‌तास अडकायची वेळ येते, त्यामुळे त्या महिन्यांत आरामाचं नाव काढू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर हिरवं, नद्यांना पाणी. डिसेंबर-जानेवारी कडाक्याची थंडी, सेमाडोह, म्हणजे जिथे आपण राहणार ते गाव, खोलगट भागात असल्यामुळे रात्री चांगलंच कुडकुडायला होतं, आणि नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा तर सोडूनच द्या. माझी पसंती फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला. सागाची पानगळ चालू असते, पळस फुललेला असतो, पोरांच्या परीक्षांमुळे गर्दी नसते. एप्रिल-मे मध्ये प्राणी पाणवठ्यावर दिसायचे चान्स वाढतात पण विदर्भाचं ऊन विदर्भाचंच आहे, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खोलीतच बसावं लागतं. आणि काहीही करा, सोमवार ते गुरुवारच्या मधले दिवस पकडा. एवढं एक केलं की बुकिंग मिळतं, शांतता मिळते आणि निम्मं काम झालं.

होळीच्या आसपास गेलात तर आणखी एक गोष्ट. इथल्या कोरकू आदिवासींची होळी म्हणजे त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, बाहेर कामाला गेलेली माणसं गावी येतात, चार-पाच दिवस चालतो, आणि रस्त्यात गाडी थांबवून गाणी म्हणत फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागतात. घाबरायचं नाही, चिडायचं नाही, दहा-वीस-पन्नासच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवायच्या आणि हसून द्यायच्या.

पोचायचं कसं ते बघू. मुंबईहून अमरावती एक्स्प्रेस रात्रभर चालते आणि सकाळी अमरावतीला सोडते, ठाणे कल्याण नाशिक जळगाव सगळीकडे थांबते, स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आत येतं. पुण्याहूनही अमरावतीच्या गाड्या आहेत, आणि नाहीच जमलं तर बडनेरा धरा, ते हावडा-मुंबई मेन लाइनवर आहे आणि अमरावतीपासून दहा-बारा किलोमीटर. इंदूर-बऱ्हाणपूरकडच्या मराठी मंडळींना तर बऱ्हाणपूरवरून धारणी हा उलटा रस्ता जवळचा. अमरावतीत उतरलात की तोंड धुवा, गरम गिला वडा खा (हा इथलाच पदार्थ, दह्यात बुडवलेला उडदाचा वडा, सोबत हिरवी मिरची, सकाळी सकाळी जरा जड जातो पण चालतंय) आणि एसटी स्टँड गाठा. अमरावती-परतवाडा सव्वा-दीड तास, तिथून धारणीकडे जाणारी एसटी घटांग, सेमाडोह, कोलकास फाटा, हरिसाल अशी जाते.

एसटीला नाक मुरडू नका. महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्यांना पण अर्धं आणि 75 च्या पुढे तर फुकटच, त्यामुळे आई-सासूबाई-मावशी अशी गँग घेऊन निघालात तर प्रवासखर्च जवळजवळ नाहीसा होतो. आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा, कंडक्टर विचारतातच. घाट वळणावळणाचा आहे, उलटीचा त्रास असणाऱ्यांनी गोळी परतवाड्यातच घ्यावी आणि मागच्या सीटवर बसू नये. सेमाडोहच्या पुढे एसटी चुकलीच तर काळी-पिवळी (शेअर जीप) मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे किती भरली याला काही लिमिट नाही. चार-पाच जण असाल तर अमरावतीहून गाडी ठरवणं पण परवडतं, फक्त ड्रायव्हरचं राहणं-जेवण आधीच ठरवून घ्या, नाहीतर शेवटी त्यावरून वाजतं.

आता मुख्य मुद्दा, राहायचं कुठे. प्रायव्हेट रिसॉर्ट चिखलदऱ्यात भरपूर आहेत पण माझं त्यांच्याशी फारसं जमलं नाही. एका ठिकाणी आम्ही "फॉरेस्ट व्ह्यू" म्हणून जास्तीचे पैसे मोजले आणि खिडकीतून दिसलं काय तर जनरेटर, त्यामागे दोन निलगिरीची झाडं, आणि रात्री अकरापर्यंत लॉनवर डीजे. जंगलात जाऊन झिंगाट ऐकायचं असेल तर आपल्या गल्लीतला गणपती काय वाईट. म्हणून माझं मत, वनखात्याचीच जागा घ्या. सेमाडोहला पर्यटन संकुल आहे, तिथे खोल्या आहेत आणि डॉर्मिटरी पण. कोलकासला सिपना नदीच्या वळणावर उंचावर विश्रामगृह आणि खोल्या आहेत, जागा कमी आहे म्हणून पटकन भरतं. तिकडे अकोला जिल्ह्याच्या बाजूला शहानूरला पण संकुल आहे, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी, अकोटवाल्यांना ते सोयीचं. आणि चिखलदऱ्याजवळ आमझरीला आहे, तिथे झिपलाइन वगैरे प्रकार असल्यामुळे पोरांना आवडतं, म्हणजेच थोडा कलकलाट असतो.

दोन रात्रींसाठी माझा फॉर्म्युला, पहिली रात्र सेमाडोह, दुसरी कोलकास. दोन्हींत जेमतेम पंधरा किलोमीटरचं अंतर. कोलकास दोन्ही रात्री मिळालं तर उत्तमच, उगाच बॅगा हलवायला नको. बुकिंग व्याघ्र प्रकल्पाच्या मॅजिकल मेळघाट या साइटवर ऑनलाइन होतं. साइट कधी कधी रुसते, पेमेंट अडकतं, त्यामुळे रात्री बारा वाजता घाईत करू नका, दिवसा ऑफिसच्या वेळेत करा म्हणजे काही झालं तर फोन करता येतो. कन्फर्मेशनची प्रिंट काढून घ्या, खरंच कागदावर, कारण तिथे पोचल्यावर मोबाइलवर मेल उघडत नाही आणि मग गेटवरचे दादा आणि तुम्ही एकमेकांकडे बघत बसता. ओळखपत्र प्रत्येकाचं ओरिजिनल.

अपेक्षा काय ठेवायच्या तेही सांगते म्हणजे नंतर मला शिव्या नको. स्वच्छ चादर, पंखा, गरम पाण्याची बादली, बस. एसी, टीव्ही, वायफाय, रूम सर्व्हिस विसरा. लाइट जाते, कधी दहा मिनिटं कधी रात्रभर. बाथरूममध्ये पाल असते, ती तिथली परमनंट आहे, आपण टेम्पररी. डॉर्मिटरीत राहणार असाल तर स्वतःची चादर आणि कुलूप न्या. दारू आणि मोठ्याने गाणी चालत नाहीत, आणि याच्यासाठीच तर आपण आलोय.

जेवणाचं गणित वेगळं असतं. इथे हॉटेलसारखं मेनू कार्ड घेऊन बसायचं नसतं, कॅन्टीनला आधी सांगावं लागतं किती माणसं, किती वाजता, व्हेज का नॉनव्हेज, कारण सामान लांबून येतं. पोचल्या पोचल्या बॅग ठेवायच्या आधी हे काम करा. आणि पनीर मागू नका हो, प्लीज. काय होऊ शकतं ते विचारा. ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, वरण, कधी कुटकीचा भात मिळाला तर सोडू नका, हे इथल्या डोंगरातलं बारीक धान्य आहे. एकदा मी विचारलं मावशी तिखट जास्त नाही ना, तर त्या म्हणाल्या, "तिखट नाही व बाई, बिनधास खाय," आणि पहिल्या घासाला माझ्या डोळ्यातून पाणी. तर तिखट कमी असं नुसतं सांगू नका, दोनदा सांगा. कोरडा खाऊ थोडा जवळ ठेवा, दशम्या, शेंगदाणे, बिस्किटं, पण ते खिडकीत किंवा व्हरांड्यात ठेवून आत गेलात की वानरं घेऊन जाणार. त्यांना हातानं खायला घालायचा मोह पण आवरा, एकदा सवय लागली की ती पुढच्या माणसाच्या अंगावर येतात.

सेमाडोहची रबडी आणि चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावाकडचा खवा यासाठी लोक वाट वाकडी करून येतात. या भागात गवळी समाज मोठा, म्हशी भरपूर, दूध घट्ट. रबडी द्रोणात मिळते, अर्धी आज खा आणि उद्या परत या, एकदम पाव किलो घेऊन बसलात तर दुपार झोपेत गेली समजा. अर्थात झोपायलाच आलोय म्हटल्यावर काय हरकत आहे.

आता दिवसभर करायचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात आणि माझं उत्तर असतं, फारसं काही नाही. पण त्यातही एक पद्धत आहे. सकाळी सहाला एकदा उठा, फक्त एकदाच, आणि कोलकासच्या आवारातून खाली नदी दिसते तिथे चहा घेऊन बसा. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. मग डोळे सरावतात. पाण्याच्या कडेला दगड वाटत होतं ते सांबर निघतं. खंड्या एकाच फांदीवर परत परत येऊन बसतो. मागे सागाचं एक वाळलेलं पान सुटतं, ते हाताच्या पंज्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं असतं, दोन फांद्यांवर आपटत खाली येतं आणि जमिनीवर पडताना इतका मोठा आवाज करतं की पहिल्या दिवशी तुम्ही दर वेळी मान वळवून बघता, कोण आलं म्हणून. दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. मग खरोखर काही चालत आलं की आवाजातला फरक कळतो, पान एकदाच वाजतं, जनावर थांबून थांबून वाजतं. खाली पडलेली पानं उचलून बघा, काहींची नुसती जाळी उरलेली असते, शिरा तेवढ्या शिल्लक, मधलं सगळं अळ्यांनी खाल्लेलं. पोरं असतील तर त्यांना अशी जाळीची पानं गोळा करून आवारातच त्यांचं प्रदर्शन मांडायला लावा, तासभर तुम्हाला सुट्टी. फक्त पानं असोत की दगड, परत येताना बॅगेत घालायचं नाही, जंगलातलं जंगलात.

पक्ष्यांची आवड असेल तर रानपिंगळा लक्षात ठेवा. हे घुबड 1884 नंतर कुणाला दिसलंच नव्हतं, नामशेष झालं असंच धरून चालले होते, मग 1997 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ परत सापडलं आणि नंतर मेळघाटात पण. गंमत म्हणजे हे दिवसा पण जागं असतं, उघड्या फांदीवर बसून ऊन खातं, त्यामुळे आपल्यासारख्या उशिरा उठणाऱ्यांना पण चान्स आहे. दुर्बीण मित्राकडून उसनी घ्या, विकत घ्यायची गरज नाही. गाइडला सांगा वाघ नको, पिंगळा दाखवा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि मोबाइलवर पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बोलवायचा प्रकार करू नका, बिचारे आपली हद्द राखायला धावतात आणि दमतात.

दुपारी झोप. संध्याकाळी आवारातच फेरी, किंवा सेमाडोहला निसर्ग माहिती केंद्र आहे ते बघा, पोरांना आवडतं. पायी जंगलात आपलं आपण शिरायचं नाही, अस्वल आहे, रानगवा आहे, आणि अस्वल माणसाला बघून पळेलच असं नाही, अंगावर येऊ शकतं. नदीत उतरायचा मोह सगळ्यांना होतो. मेळघाटात 1990 आणि 91 साली मगरी सोडलेल्या आहेत, कुठला डोह मोकळा आणि कुठला नाही हे आपल्याला कळत नाही, तेव्हा जिथे तिथला कर्मचारी हो म्हणेल तिथेच पाय बुडवा. अंधार पडल्यावर खोलीतून कॅन्टीनपर्यंत जायलाही टॉर्च घ्या, मोबाइलचा नाही, खरा.

रात्री जेवण झाल्यावर सगळे दिवे बंद करून व्हरांड्यात बसा. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं ते ऐकून शहरातला माणूस म्हणतो अरे इथे पण कुत्री, आणि सांबराचा ठणका (धोक्याची हाक) तर घंटेवर लाकूड मारावं तसा येतो. तो आला की कुठेतरी वाघ-बिबट हलला असण्याची शक्यता असते. म्हणजे वाघ दिसला नाही तरी त्याची बातमी खोलीत बसून मिळते, आणि ती फुकट.

सफारी करावी का? एक करा, ग्रुपमध्ये, सकाळची, पैसे सहा जणांत वाटले की टोचत नाहीत. एकटे-दुकटे असाल तर गेटवर दुसरे कुणी आहेत का विचारा, लोक तयार असतात. सफारीत गाडीचं भाडं, प्रवेश शुल्क आणि गाइड असे वेगवेगळे आकडे असतात, बुक करताना तिन्ही विचारा म्हणजे गेटवर सरप्राइज नको. रानगवे दिसतात, मोठाले, काळेकुट्ट आणि पायात पांढरे मोजे घातलेले, ते बघितले तरी पैसे वसूल. बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढायचा निसर्गानुभवाचा कार्यक्रम असतो, तो भारी आहे पण मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर न हलता बसायचं असतं, त्याला आराम म्हणता येणार नाही.

परत येताना वाट चिखलदऱ्यावरून काढली तर अर्धा दिवस मजेत जातो. साधारण 1,100 मीटर उंचीवर आहे, इथे कॉफी पिकते, हिवाळ्यात मोथा-आमझरीकडे स्ट्रॉबेरी मिळते आणि ती शेतकऱ्याकडून थेट घ्या. बाकीचे पॉइंट सगळे एकसारखे, दरी आणि मक्याची कणसं, मी तरी भीमकुंड आणि गाविलगड एवढेच करते. गाविलगड मोठा किल्ला आहे, 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, दरवाजे आणि तलाव अजून बघण्यासारखे. दोन तास, पाणी आणि टोपी घेऊन. कंटाळा आला असेल तर नाही केला तरी चालतो.

सोबत काय न्यायचं यावर फार लिहीत नाही. रोख पैसे परतवाड्यातच काढा, पुढे यूपीआय नेटवर्कच्या मर्जीवर. डासांचं क्रीम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मस्ट, हा मलेरियाचा पट्टा आहे, परत आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरला मेळघाटात गेलो होतो हे आवर्जून सांगा. नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची. सेमाडोहला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं काही असेल तर धारणी किंवा परतवाडा. घरी आधीच सांगून ठेवा की फोन लागणार नाही, नाहीतर आई तिकडे देव पाण्यात घालून बसते. मळखाऊ रंगाचे कपडे, पत्त्यांचा कॅट, एक पुस्तक, पाण्याची स्वतःची बाटली. प्लास्टिकचा कचरा सगळा परत आणायचा.

आणि एक गोष्ट, गावातल्या पोरांना चॉकलेटं वाटून फोटो काढू नका. मेळघाटचं नाव पेपरात बहुतेक कुपोषणासाठीच येतं आणि मग येणारा प्रत्येक जण तीच नजर घेऊन येतो. पैसे खर्च करायचेच असतील तर इथल्याच माणसाकडून जेवा, इथलाच गाइड घ्या, इथलाच मध, इथलाच खवा, घासाघीस न करता.

हिशेब विचाराल तर चौघांनी मिळून, मुंबई किंवा पुण्याहून, स्लीपर आणि एसटीने, दोन रात्री खोली शेअर करून, जेवणखाण आणि एक वाटून घेतलेली सफारी धरून डोक्यामागे साडेचार ते पाच हजार बाजूला काढा. डॉर्मिटरी घेतली आणि सफारी सोडली तर तीनाच्या आसपासही जमतं. नागपूर-अकोला-अमरावतीकरांचं त्याहून कमी. दर बदलत राहतात त्यामुळे बुकिंगच्या वेळी साइटवर दिसतील तेच खरे.

परतीची मुंबईची गाडी अमरावतीहून संध्याकाळी सुटते, तेव्हा चिखलदऱ्यातून दुपारी एकच्या आत निघा, घाटात गाडी बंद पडली किंवा परतवाड्यात एसटीला वेळ लागला तरी हाताशी तास-दीड तास राहतो. खवा घेतला असेल तर डब्यात घालून खिडकीजवळ ठेवा, सीटखाली गरम होऊन आंबतो. आणि रिझर्वेशन जातानाचं काढतानाच परतीचं पण काढून टाका, नंतर वेटिंग मिळतं.